थोपटलं की वळायचं

आमच्या ह्यांना ऐकू येत नाही. म्हणजे अगदीच येत नाही असं नाही. सॉ मिलमध्ये करवतीच्या पात्याशेजारी उभा जन्म काढला, त्यात कान निम्मे झाले. उरलेल्या निम्म्यात त्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं. 'जेवायला या' हे मागच्या अंगणातूनही ऐकू जातं, 'नळ गळतोय, बघा जरा' हे शेजारी बसून ओरडलं तरी जात नाही. पण स्कूटरवर सोंगाढोंगाचा प्रश्नच येत नाही. हेल्मेट, वारा आणि त्या इंजिनाची फडफड यात तोफ डागली तरी त्यांना कळायचं नाही.

म्हणून लग्नानंतर लगेचच आम्ही एक पद्धत पाडली. मी मागे बसायचं आणि दोन्ही हात त्यांच्या दोन्ही खांद्यांवर ठेवायचे. डाव्या खांद्यावर थोपटलं की डावीकडे, उजव्या खांद्यावर थोपटलं की उजवीकडे, दोन्हीकडे एकदम थोपटलं की थांबायचं. हात नुसते ठेवलेले असले की सरळ. पद्धत साधी होती, पण सुरुवातीला ह्यांच्यातला पुरुष आडवा आला. एकदा मी उजवीकडे थोपटलं आणि ह्यांना रस्ता माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. हे सरळ गेले, पुढे रस्ता खचलेला होता, आणि आम्ही दोघं स्कूटरसकट ओढ्यात. माझं खांद्याचं हाड मोडलं. त्या दिवशी ह्यांनी कानाला खडा लावला. थोपटलं की वळायचं, वाद घरी गेल्यावर. इतक्या वर्षांत त्यांनी हा नियम एकदाही मोडला नाही. बाकी नियमांचं विचारू नका.

स्कूटरचं नाव बदक. किक मारली की पहिले काही क्षण ती तसंच ओरडते. आता रंग उडालाय, सीट मीच तीनदा शिवलीय, कारण मी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. शाळेचे गणवेश, कोट, पडदे, कुणाची पँट सैल करायची तर कुणाचा झगा घट्ट. माझी शिलाई पट्टीनं आखल्यासारखी असते, हे मी सांगत नाही, गिऱ्हाइकं सांगतात. मी फक्त ऐकून घेते.

या स्कूटरवर आमचं काय अडलंय ते लोकांना कळत नाही. घरात ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि ओरडून बोललं की साधी गोष्टसुद्धा भांडण वाटते. 'साखर संपली' असं मी म्हटलं तरी शेजारीण खिडकीत येऊन उभी राहते. स्कूटरवर मात्र आम्ही ओरडत नाही. माझे हात त्यांच्या खांद्यावर असतात, मी हलकेच थोपटते, ते वळतात. कधी मी उगाच अंगठा दाबते, म्हणजे 'बघा, ढग कसा आलाय', आणि ते मान हलवतात. आमचं धड बोलणं काय ते तेवढंच होतं.

आणि तेच बंद करायची वेळ आली होती. आणली मीच.

झालं असं की गेल्या काही महिन्यांत हे रस्ता चुकायला लागले. कापडबाजारात जायचं तर मधेच डावीकडे वळून बसस्टँडवर नेलं. बँकेत निघालो आणि एका परक्या माणसाच्या फाटकासमोर जाऊन थांबलो. तो माणूस बिचारा बाहेर येऊन 'या' म्हणाला. मी विचारलं, 'अहो, इकडे कुठे?' तर हे माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच चुकलेय. मला हसू आलं, मग राग आला, आणि मग मी तो सगळा पाढा फोनवर मुलापुढे वाचला. मला एका जागी न बसणारी जीभ आहे, ती माझ्या आईकडून आलीय.

मुलगा शहरात विम्याच्या कचेरीत आहे. धोका दिसला की तो लगेच आकडे मांडतो. त्यानं ते सगळं गंमत म्हणून ऐकलं नाही.

"आई, बाबांना विसर पडायला लागलाय," तो म्हणाला. "ही सुरुवात असते. त्यांनी स्कूटर चालवणं बरोबर नाही, आणि तू मागे बसणं तर त्याहून नाही. स्कूटर विकून टाकू. तुम्ही दोघं इकडे या. सातव्या मजल्यावर खोली रिकामीच आहे."

"सातव्या मजल्यावर ह्यांनी करायचं काय?" मी विचारलं.

"खिडकी आहे ना."

सूनबाई मागून म्हणाली, "आईंना म्हणावं, लिफ्ट आहे." ती मनानं चांगली आहे.

शेवटी असं ठरलं की एकदा खात्री करून घ्यायची. दरवर्षी पानगळ सुरू झाली की आम्ही दोघं डोंगरातल्या आडरस्त्यांनी वरच्या तळ्याला जातो. मोठ्या रस्त्यावर ट्रक असतात, म्हणून आडरस्ते. हा रस्ता ह्यांना तोंडपाठ आहे. लाकूड बघायला ते तरुणपणापासून त्या डोंगरात फिरलेत. मुलगा म्हणाला, "या वेळी तू थोपटू नकोस. हात नुसते ठेव. बघ, त्यांचे ते पोचतात का. पोचले तर मी पुन्हा स्कूटरचं नाव काढणार नाही. चुकले तर मात्र तू हट्ट करायचा नाहीस. रविवारी संध्याकाळी फोन करतो."

मी हो म्हणाले. ह्यांना यातलं काही सांगितलं नाही. ताकास तूर लागू दिली नाही म्हणा ना. मनातून मात्र माझी खात्री होती की हे चुकणार. आणि मनातून मला ते नको होतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी एकाच पोटात कशा राहतात ते मला कळत नाही, पण राहत होत्या.

रविवारी सकाळी ह्यांनी बदक पुसलं. मी पाव, उकडलेली अंडी आणि थर्मासमध्ये चहा घेतला. निघण्याआधी मी बसून अर्धा कप चहा घेतला, तर बशी सारखी किणकिणत होती. या नव्या बशा भिकार आहेत, कपाला धरतच नाहीत. मी दुकानदाराला तसं सांगूनही आले होते.

"वारा आहे का गं?" हे म्हणाले.

"घरात कुठला वारा?" मी म्हणाले.

"परवा पेपर वाचत होतीस तेव्हाही फडफडत होता."

म्हटलं, झालं, आता ह्यांना घरातही वारा दिसायला लागला. मी कप तसाच ठेवून उठले.

गाव मागे पडलं, सॉ मिलची चिमणी मागे पडली आणि चढ लागला. डोंगर या दिवसांत बघावा. झाडं अशी काही पिवळी आणि तांबडी होतात की हिरव्याची आठवणही राहत नाही. रस्त्यावर पानांचा थर, चाक गेलं की मागे पानं उठून पुन्हा बसतात. कुठेतरी कोणीतरी पाला जाळत होतं, त्याचा वास येत होता. एरवी मी अशा वेळी अंगठा दाबत राहते. आज मी हात नुसते ठेवले, शहाण्या मुलीसारखे. ह्यांची मान एकदोनदा किंचित वळली. माझ्याकडून काही येत नाही हे त्यांना जाणवलं असावं.

ओढ्यावरच्या दगडी पुलाजवळ एक बाई टोपल्या मांडून सफरचंदं विकत बसते. दर वर्षी बसते. आम्ही येताना तिच्याकडून घेतो, म्हणून ती हसली, आम्हीही हसलो. पुलापलीकडे फाटा आहे. उजवीकडे तळं. डावा रस्ता नुसताच डोंगरात जातो, तिथे आम्ही कधीच गेलो नव्हतो. मी श्वास धरला. डोळ्यांत तेल घालून त्यांच्या मानेकडे बघत राहिले. म्हटलं, उजवीकडे वळा, नुसते उजवीकडे वळा, मी तुम्हाला आयुष्यात पुन्हा बोलणार नाही.

ह्यांनी वेग कमी केला. जरासे घुटमळले. आणि डावीकडे वळले.

उजवीकडे थोपटायला हात शिवशिवला. पण मी मुलाला शब्द दिला होता, म्हणून हात हलवला नाही. डावा रस्ता अरुंद होता आणि, खरं सांगायचं तर, फार सुंदर होता. दोन्ही बाजूंना अक्रोडाची झाडं, मधून उतरणारं ऊन. थोडं पुढे गेल्यावर हे मान मागे करून मोठ्यानं म्हणाले, "छान काढलास गं रस्ता."

मी काढला? मी चक्रावलेच. इतके दिवस हे नुसते रस्ते चुकत होते, आता स्वतः चुकायचं आणि मला शाबासकी द्यायची असं नवीनच सुरू झालं होतं. पण स्कूटरवर बोलून उपयोग नव्हता.

पुढे एक लाकडी गोठा आला, त्याच्या बाजूनं पुन्हा दोन रस्ते. पुन्हा मी श्वास धरला, पुन्हा ते घुटमळले, पुन्हा डावीकडे. मग एक पाण्याची टाकी, तिथेही डावीकडे. उजवा हात नावाची गोष्ट जगात आहे हे हा माणूस विसरला होता. घुटमळणं तेवढं मला समजत नव्हतं. रस्ता विसरलेला माणूस असा घुटमळत नाही, तो सरळ चुकतो. हे तर प्रत्येक फाट्यावर उजवीकडे बघायचे, सुस्कारा टाकल्यासारखे खांदे खाली सोडायचे आणि डावीकडे जायचे. बायकोनं दुकानात महागडं काही दाखवल्यावर नवरा होकार देतो, अगदी तसे.

मग उतार लागला, ओढ्याचा आवाज आला, आणि समोर तोच दगडी पूल. तीच सफरचंदवाली.

"काही विसरलात का, काकू?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ह्यांनी तिला ऐटीत हात केला आणि पूल ओलांडला. फाट्यावर आले. घुटमळले. डावीकडे वळले.

या वेळी मला रडू आलं. अक्रोडांमधून जाताना मी हेल्मेटच्या आत नीट रडून घेतलं. सातवा मजला डोळ्यांसमोर आला. खिडकीजवळ खुर्ची, खुर्चीत हे, खाली मुंग्यांएवढ्या गाड्या, आणि मी शेजारी बसून दिवसभर ओरडतेय. मला तिथे एकही गिऱ्हाईक ओळखत नाही. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवायला मला कारण उरलेलं नाही. उतारवयात नवराबायको घरात एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून बसत नाहीत, निदान आमच्यात तरी नाही. मला ते सगळं इतकं स्पष्ट दिसलं की लाकडी गोठा कधी गेला ते कळलंच नाही.

पाण्याची टाकी, डावीकडे. उतार. ओढा. पूल. सफरचंदवालीनं या वेळी काही विचारलं नाही, नुसतं स्टूल पुढे केलं. मी दोन्ही खांद्यांवर एकदम थोपटलं. थांबा.

हे थांबले. इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं. माझ्याकडे वळून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तर माझ्यापेक्षा जास्त गोंधळ होता.

"अहो, कुठे चाललोय आपण?" मी ओरडले. ओरडणं भागच होतं.

"तेच मी तुला विचारणार होतो," ते म्हणाले.

"तळ्याला जायचंय ना आपल्याला?"

"मला वाटलं जायचंय. मग वाटलं, तुला तो अक्रोडांचा रस्ता आवडला असेल. दुसऱ्यांदाही वाटलं, आवडला असेल. तिसऱ्यांदा काय वाटून घ्यायचं ते ठरवत होतो."

"तुम्ही वळवताय आणि माझ्या नावावर घालताय?"

"मी कशाला वळवतोय? तळं उजवीकडे आहे, लहान पोरगं सांगेल. तू डावीकडे थोपटलंस, मी वळलो. वाद घरी गेल्यावर, असं ठरलंय ना?"

"मी थोपटलं नाही."

"थोपटलंस. प्रत्येक फाट्यावर."

"अहो, मी आज मुद्दाम एकदाही थोपटलेलं नाही."

हे मी बोलून गेले आणि जीभ चावली. नको ते नेमकं त्यांना ऐकू येतं.

"मुद्दाम?" ते म्हणाले.

मग मला सगळं सांगावं लागलं. तेही ओरडून, पुलावर, सफरचंदवालीच्या देखत. मुलाचा फोन, विसर, सातवा मजला, आजची परीक्षा, संध्याकाळचा फोन. ती बाई भली, फळं पुसत राहिली, पण एकच फळ किती वेळ पुसणार. मला वाटलं हे चिडतील. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं, मी उलट चिडले असते आणि निदान आपण कुठे आहोत ते कळलं असतं. हे नुसते स्कूटरला टेकून उभे राहिले.

"मलाही वाटायला लागलं होतं तसं," ते हळूच म्हणाले. "सकाळी दाढी करताना मी मिलमधल्या सगळ्या माणसांची नावं आठवून बघतो. कुणाच्या घरी किती पोरं, कोण कुठल्या मशीनवर. एकही चुकत नाही. मग तुला घेऊन निघतो आणि तू थोपटतेस तिथे वळतो, आणि तू म्हणतेस, इकडे कुठे? मी म्हटलं, थोपटल्याचा मला नुसताच भास होतोय. माझंच काहीतरी बिघडलंय."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तूही फोनवर तेच सांगत होतीस. तेवढं मला ऐकू येतं."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मग ह्यांनी करवतीचं पातं तपासताना करायचे तसे डोळे बारीक केले आणि पुन्हा सीटवर बसले. इंजिन सुरू केलं नाही.

"बस मागे," ते म्हणाले.

"कशाला?"

"बस तर खरी. हात ठेव रोजच्यासारखे. काही करू नकोस. मला थोपटल्यासारखं वाटलं की मी बोट वर करतो. भास आहे की काय ते एकदाचं कळू दे. या ताई आहेतच बघायला."

सफरचंदवालीनं मान डोलावली. मी बसले. दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले आणि पुलाच्या कठड्याकडे बघत राहिले. इंजिन बंद होतं, त्यामुळे ती नेहमीची थरथर नव्हती. वारा नव्हता. एक पान वरून आलं आणि ह्यांच्या डोक्यावर बसलं. काही झालं नाही, आणि मला वाटलं, बघा, आता हे बोट वर करणार नाहीत आणि मग आम्हाला दोघांनाही काही कळणार नाही.

ह्यांच्या डाव्या हाताचं बोट वर झालं.

"मी काही केलं नाही," मी ओरडले.

बोट खाली आलं. पुन्हा वर झालं. खाली, वर, खाली, वर.

"उगाच नका करू," मी म्हणाले, आणि साक्ष काढायला सफरचंदवालीकडे बघितलं. ती ह्यांच्या बोटाकडे बघत नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती.

मग मीही बघितलं. माझा डावा हात ह्यांच्या खांद्यावर होता, आणि त्याची बोटं हलत होती. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती, मी दोऱ्याच्या टोकाला गाठ मारताना फिरवते तशी, आणि मधलं बोट खांद्यावर टप टप पडत होतं. दोरा नव्हता. मी बोटांना काही सांगितलं नव्हतं. मी खांदा घट्ट धरला, हात गप्प झाला. पकड सोडली, थोडा वेळ गेला, आणि बोटं पुन्हा सुरू झाली, माझी नसल्यासारखी.

कामात असताना हा हात कधी हलला नव्हता. कापड धरलं, कात्री धरली की तो सरळच असतो, म्हणून मला कधी कळलं नाही. पण बशी मी डाव्या हातात धरते. पेपरही. फाट्यावर मी श्वास धरून बसले की त्याला जास्तच चेव येत असणार. गेले काही महिने बटण लावायला मला उगाच वेळ लागत होता आणि मी बटणांना नावं ठेवत होते. बशांना, बटणांना, वाऱ्याला आणि ह्यांना.

"काय झालं?" ह्यांनी पुढे बघतच विचारलं. त्यांचं बोट अजून वर होतं.

मी डावा हात तसाच पुढे नेला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. अधांतरी तो एक क्षण स्थिर राहिला आणि मग त्यांच्यादेखत हलायला लागला. ह्यांनी तो दोन्ही हातांत घेतला. त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. डोकं जाग्यावर होतं, एकही रस्ता चुकला नव्हता, इतक्या महिन्यांचं बालंट टळलं होतं. पण ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

"माझंच असतं तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "माझं डोकं तसंही कुणाच्या कामाला येत नाही. तुझा हात आहे हा."

"गप्प बसा," मी म्हणाले. मला खूप भीती वाटत होती.

सफरचंदवालीनं आम्हाला दोन फळं दिली आणि पैसे घेतले नाहीत. "तळं कुठे पळून जात नाही, काकू," ती म्हणाली. आम्ही तिथेच पुलावर बसून पाव आणि अंडी खाल्ली, कारण आणलं होतं ते खायलाच हवं. चहा ह्यांनी ओतला, माझ्या उजव्या हातात दिला आणि दुसरीकडे बघत राहिले. एरवी ते माझ्यासाठी साधा कपसुद्धा विसळत नाहीत.

निघताना त्यांनी माझा डावा हात घेऊन आपल्या जॅकेटच्या खिशात घातला. "हा इथे," ते म्हणाले. "उजव्यानं सांग. एकदा थोपटलंस की उजवीकडे, दोनदा थोपटलंस की डावीकडे. जमेल?"

"तुम्हाला लक्षात राहील?" मी म्हणाले. सवयीनं तोंडून गेलं. आणि मग आम्ही दोघं हसलो, पण फार नाही.

घरी येईपर्यंत हात खिशात त्यांच्या बरगडीवर टप टप करत राहिला. प्रत्येक टप त्यांना लागत असणार. ते डावीकडे एकदाही वळले नाहीत. उतारावर एका सरळ टप्प्यात त्यांनी हँडलवरचा डावा हात सोडला, खिशावरून माझ्या हातावर ठेवला आणि पुन्हा हँडल धरलं. एरवी मी अशा गाडी चालवण्याबद्दल घरी गेल्यावर ह्यांना फाडून खाल्लं असतं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. हे समोरच्या खुर्चीत पाठ करून बसले होते, मुद्दाम. माझा चेहरा बघायची हिंमत नसावी.

"काय आई, किती वेळा चुकले?"

"एकदाही नाही," मी म्हणाले.

"म्हणजे तळ्याला पोचलात?"

"नाही."

तो गोंधळला. "मग रस्ता कोण चुकलं?"

"मी," मी म्हणाले. हा शब्द तोंडातून काढायला मला किती वेळ लागला ते त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं लगेच आकडे मांडले नाहीत. मग मी त्याला हाताचं सांगितलं. उद्या डॉक्टरकडे जायचंय हे सांगितलं. तो म्हणाला, मी गाडी घेऊन येतो. मी म्हणाले, येऊ नकोस, हे नेतील स्कूटरवरून. तो म्हणाला, आई, आता तर. मी म्हणाले, नंतर बोलू, आणि फोन ठेवला. त्याचं बरोबर असेलही. माझं बरोबर आहे असं मला नेहमीसारखं वाटत नव्हतं.

ह्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं, "काय म्हणाला?"

मला ओरडायचं नव्हतं. मी उठले, त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात रोजच्यासारखे त्यांच्या खांद्यांवर ठेवले. घरात आम्ही असं कधी करत नाही. डावा हात मी लपवला नाही. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग थोपटायला लागला.

हे हलले नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"कुठे वळू?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. अगदी हळू म्हणाले, पण त्यांना ते ऐकू गेलं.